उणे अडुसष्टचा अंधार

१८ डिसेंबर, गुरुवार

निळा भाग आजही बरोबर आला नाही.

आमच्या कॅमेऱ्याच्या चिपचे दोन भाग आहेत. एकावर निळी गाळणी, दुसऱ्यावर लाल. दोन्ही एकाच आकाशाकडे बघतात. लाल भागाचं उत्तर पुस्तकात असावं तसं येतं. निळ्याचं त्याच्या जवळजवळ दीडपट. प्रकल्पप्रमुख रंगनाथ सर म्हणतात, "लाल गुणी मुलगा आहे, निळा वाया गेलाय. त्याला जरा वळण लावा." गणपतीपासून मी वळण लावते आहे. पेपर फेब्रुवारीत पाठवायचा आहे आणि पहिलं नाव माझं आहे. चूक निघाली तर तीही माझीच असेल.

संध्याकाळी आई कुणाच्या तरी ब्लाउजला हूक लावत बसली होती. म्हणाली, "अगं, पण तू मोजतेस काय नक्की? शेजारच्या सत्यशीलाबाई विचारतात. मला धड सांगता येत नाही."

मी सांगितलं. फोटोतले सगळे तारे झाकायचे. दिसतील तेवढ्या दीर्घिका झाकायच्या. मग मधली जी काळी जागा उरते ती पूर्ण काळी नसते. तिच्यात फार मंद उजेड असतो, विश्वात आजवर जे जे पेटलं त्या सगळ्याचा. तो मोजायचा. जमिनीवरून जमत नाही, कारण हवा स्वतःच उजळते. पृथ्वीजवळच्या अवकाशातूनही अवघड, कारण सूर्याभोवतीची धूळ चमकते. म्हणून आमचा कॅमेरा एका परदेशी यानावर पाहुणा म्हणून बसून मंगळाच्या पलीकडे गेला आहे.

"पाहुणा म्हणून गेला, तरी सुखरूप पोचला की नाही? माझा खण लागलाय त्याला."

हे ती दर वेळी म्हणते. २०२२च्या खंडेनवमीला संस्थेत यंत्रांची पूजा झाली, घरच्यांनाही बोलावलं होतं. तेव्हा तिने कॅमेरा थंड करून तपासतात त्या टाकीला खण वाहिला. मी त्यावर काही बोलत नाही. खणाचा आणि कक्षेचा संबंध नसतो.

२३ डिसेंबर, मंगळवार

निळ्या गाळणीचे सगळे अहवाल पुन्हा वाचले. दोष नाही. ताऱ्यांच्या कडांवरून सांडणारा उजेड पुन्हा वजा केला. फरक नगण्य.

आता एकच जागा तपासायची राहिली आहे, अंधार.

आमच्या कॅमेऱ्याला झडप नाही. वजन वाचवायला ती काढली. त्यामुळे वर गेल्यावर त्याला डोळे मिटता येत नाहीत. चिप मात्र मिट्ट काळोखातही थोडी मोजणी देत राहते. ती तिची स्वतःची, आकाशाची नव्हे. ती जमिनीवर असतानाच मोजून ठेवावी लागते आणि नंतर प्रत्येक फोटोतून वजा करावी लागते. प्रयोगशाळेत त्या मोजणीला आम्ही सरळ 'अंधार' म्हणतो. उणे पन्नासचा अंधार, उणे साठचा अंधार. थंडी वाढेल तसा तो कमी होतो. वर कॅमेरा उणे अडुसष्ट अंशांवर स्थिरावला, म्हणून आम्ही वजा करतो तो उणे अडुसष्टचा अंधार.

मी रुजू झाले त्या दिवशी सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पूर्णिमा नावाच्या मुलीला मी अंधाराचं खातं देतोय. देव आमचं भलं करो." सगळे हसले होते. मी हसले नव्हते, असं आमच्या लॅबमधला रियाज अजून सांगतो.

२९ डिसेंबर, सोमवार

सगळ्या तापमानांचे अंधार एका आलेखावर मांडले. निळ्याचे सगळे ठिपके एका सरळ रेषेत आले. लालचेही आले, एक सोडून. उणे अडुसष्टचा लाल ठिपका रेषेच्या वर आहे.

फार वर नाही. निळ्यावर संशय असताना लालकडे कोण बघणार, इतपतच. आम्ही दोष शोधला तो न जुळणाऱ्या आकड्यात. जुळणाऱ्याला कोणी काही विचारलं नाही.

याचा अर्थ मी तीन वेळा लिहून तपासला. त्या चाचणीत लाल भागाच्या अंधारात कुठून तरी उजेड मिसळला. आम्ही तो अंधार समजून आकाशातून वजा करतो. म्हणजे गरजेपेक्षा जास्त वजा करतो. म्हणजे लालचं खरं उत्तर मोठं आहे, निळ्याइतकंच. गुणी मुलगा खोटं बोलत होता.

आणि दोन्ही भाग जर एकच सांगत असतील, तर आकाशात असा उजेड आहे ज्याचा मालक आम्हाला माहीत नाही.

हे सरांना सांगायचं आहे. तळहात गार पडले आहेत. घरात थंडी आहे.

२ जानेवारी, शुक्रवार

सरांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा पुसला.

"म्हणजे आता दोन्ही मुलं वाया गेली."

"किंवा दोन्ही खरं बोलतायत, सर."

"तसं म्हणायचं असेल तर मला कारण द्या. तो ठिपका का चढला? कारण न देता टाकला तर लोक म्हणतील, पुण्याच्या मंडळींना नवा शोध हवा होता म्हणून नको तो आकडा पुसला. आपल्यासारख्या छोट्या संस्थेला हे दुसऱ्यांदा कोणी म्हणत नाही. पहिल्यांदाच पुरतं."

मग त्यांनी विचारलं, "चाचणीला कोण होतं?"

मी तारीख पाहिली. खंडेनवमीची दुपार ते दसऱ्याची संध्याकाळ. सणाची ड्यूटी रियाजची असायची. दसरा, दिवाळीला तो थांबतो, ईदला त्याच्या जागी मी थांबते. तसं कुणी ठरवलेलं नाही, तसंच चालत आलं आहे.

"रियाज तांबोळी होता ना?"

"हो."

"त्याच्या नोकरीच्या मुदतवाढीची बैठक एकोणीसला आहे," सर म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी एकटा माणूस. दिवा चालू राहिला असेल, टाकी नीट झाकली नसेल. हलगर्जीपणा. लिहून द्यावं लागेल."

विचारलं त्याचंच उत्तर मी दिलं. 'हो' हे उत्तर बरोबर होतं.

६ जानेवारी, मंगळवार

रियाजशी बोलले.

तो टाकी सांभाळतो. टाकी म्हणजे हवा काढून टाकलेलं, माणूस उभा राहील एवढं स्टीलचं पिंप. कॅमेरा आत ठेवून थंड करतात. मागच्या बाजूला एक काचेची खिडकी आहे. तिचं धातूचं झाकण तेव्हा दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून दुहेरी काळं मखमली कापड चिकटपट्टीने लावत असू. तेवढं पुरायचं. मी स्वतः ते आदल्या चाचणीत तपासलं होतं.

तो पंपाशी वाकला होता. मी विचारलं, "उणे अडुसष्टच्या चाचणीत लॅबमधला दिवा बंद होता?"

"बंद. पॅसेजचा चालू असतो, तो रखवालदाराचा. दाराच्या काचेतून थोडा येतो. नेहमीच येतो."

"आणि काळं कापड?"

तो सरळ उभा राहिला. माझ्याकडे बघितलं आणि परत पंपाकडे बघितलं.

"खाली असणारच," तो म्हणाला.

"असणारच म्हणजे? तू बघितलंस का?"

"पूर्णिमा, सरांनी पाठवलंय का तुला?"

"मीच विचारतेय."

"मग असं लिही की मी बघितलं नाही."

त्याने पाना उचलला. बोलणं संपलं. 'असणारच' हा शब्द पुराव्यात बसत नाही. मला वाटलं होतं, तो नीट सांगेल. इतकी वर्षं त्याच्या कामात मला कधी खोट सापडली नव्हती. आजचं त्याचं बोलणं मात्र टाळाटाळीचं होतं.

९ जानेवारी, शुक्रवार

सरांनी लेखी टिपण मागितलं. मी लिहिलं: चाचणीचं तापमान, तारीख, विचलन, ऑपरेटरचं नाव. एकही विशेषण वापरलं नाही. सरांनी खाली स्वतःच्या हाताने 'निष्काळजीपणाची शक्यता' असं जोडलं. ते माझं वाक्य नाही.

दुपारी पार्किंगमध्ये रियाज हेल्मेटचा पट्टा लावत होता.

"नाव लिहिलंस?"

"नाव विचारलं होतं."

"बरोबर आहे. तू विचारलं तेवढंच लिहितेस. म्हणून तर तुझे आलेख सरळ येतात."

खडकीपर्यंत त्याला उलट्या वाऱ्यात जावं लागतं. मफलर विसरला होता. हे मी का लिहिते आहे माहीत नाही.

१२ जानेवारी, सोमवार

काम नेहमीचं. निघताना गॅस बंद आहे का ते बघायला दोनदा जिना चढून परत आले. बंद होता.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

जे झालं ते क्रमाने लिहिते.

सकाळी आईने तिची काळी साडी काढली. मी नेहमीचा काळा कुर्ता घालून निघाले होते. तिने बघून हात जोडले. "वर्षभर काळं घालून माझा जीव खातेस. आज एक दिवस बाई चारचौघींसारखी दिसतेयस."

"कपड्याला तारीख कळत नाही, आई."

"तुला कळत नाही. आज चालतं काळं. एरवी पूजेला काळं दिसलं की मला कसंतरीच होतं." ती वाटीत तिळगूळ भरत होती. "तुझ्या त्या टाकीलासुद्धा मेलं काळं फडकं चिकटवून ठेवलेलं. खंडेनवमीची पूजा आणि समोर काळं! मी आधी ते सोडवलं, घडी घालून फळीवर ठेवलं, आणि मग तिथे खण लावला. किती शोभला होता."

मी चपला घातल्या होत्या. त्या काढल्या आणि परत आत आले.

"आई, कुठे लावलास खण? टाकीच्या वर ना?"

"वर कशाला? त्या मागच्या खिडकीवर. तिथलंच फडकं काढलं ना मी."

"मी कुठे होते?"

"तू खाली पेढे वाटत होतीस. तोंड एवढंसं करून."

"मग ते काळं परत कोणी लावलं?"

"मला काय माहीत? मी घरी आले ना. दसऱ्यानंतर खण तेवढा तुमच्या रखवालदाराने सोडवून आणून दिला. तो रियाज आला तेव्हा त्याला म्हटलं, बाळा, दसरा होईपर्यंत एवढा खण हलवू नकोस हं, बाकी तुझं काय ते काम कर. हो काकू म्हणाला. गुणी पोरगा." मग तिने माझ्याकडे बघितलं. "काय झालं गं? पांढरी का पडलीस?"

लाल खण. पॅसेजच्या पांढऱ्या दिव्यातलं निळं अडवायचं आणि लाल थोडं आत सोडायचं, एवढंच तो करू शकतो. तेवढंच झालं.

'खाली असणारच.' म्हणजे खणाच्या खाली. त्याला सहा तारखेपासून माहीत आहे.

त्याला फोन केला. उचलला नाही. आईला काही सांगितलं नाही. बस चुकली.

१६ जानेवारी, शुक्रवार

रियाजसाठी डबीत तिळगूळ नेला. त्याने एक लाडू उचलला. "आता गोड बोलायचं की खरं?"

"खरं. तू सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? सर, दसऱ्याच्या पूजेच्या कापडाने चाचणी बिघडवली? मी सांगायचं?" त्याने लाडू खाल्ला नाही, हातातच ठेवला. "आणि कोणी लावलं, हे पुढे विचारणारच ना ते."

"तेव्हा उचलून का बघितलं नाहीस?"

"बघणार होतो. दोनदा जवळ गेलो. वर हळदकुंकू होतं, शेवंतीचं फूल होतं. माझा हात लागून फूल पडलं असतं आणि मागून कोणी आलं असतं, तर? म्हटलं, काळं खाली असणारच. कोण कशाला काढेल? आणि काकूंना हो म्हणालो होतो." मग म्हणाला, "तू कापडाचं विचारलंस तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लाल प्रकाश."

मी हसले नाही. त्याला बहुधा तसं अपेक्षितच होतं.

मग सरांकडे गेलो, दोघेही. मी सगळं सांगितलं. माझ्या टिपणातली ऑपरेटरची ओळ अपुरी होती, हेही सांगितलं.

सर म्हणाले, "आणि पेपरात काय लिहिणार? प्रथम लेखिकेच्या मातोश्रींनी शुभशकुनार्थ?"

"शोभेचं वस्त्र लिहू, सर," रियाज म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा, तांबोळी. तुम्ही गप्प बसता तेव्हा काय होतं ते बघतोच आहे." पण आवाज उतरला होता. "ही झाली गोष्ट. मला आकडा हवा. चिपचा दुसरा नग आहे, तो टाकीत घाला, तोच खण तसाच लावा, आणि लाल ठिपका तेवढाच चढतो का ते दाखवा. चढला तर टिपण मी फाडतो आणि एकोणीसला स्वतः बोलतो. नाही चढला तर मला लिहावंच लागेल."

म्हणजे आता खण हवा. आणि आईला सांगायला हवं.

त्याच दिवशी, नंतर

ती मशीनवर होती. वाक्यं मी बसमध्ये तयार केली होती, ती वापरली नाहीत. म्हटलं, "आई, तो खण कुठे आहे?"

"त्याचा ब्लाउज शिवला मी. का?"

का ते सांगितलं. काही गाळलं नाही. तिच्या खणातून उजेड आत गेला, आम्ही तो अंधार म्हणून धरला, तेवढाच उजेड आकाशातून कापत राहिलो, आणि आता रियाजवर आलं आहे.

तिने मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं. मला वाटलं, रडेल. तसं झालं तर काय करायचं याची माझी काही तयारी नव्हती.

"म्हणजे इतकी वर्षं मी सत्यशीलाबाईंना सांगतेय, माझ्या खणाने यान सुखरूप गेलं."

"यान सुखरूपच गेलं, आई."

"आणि पोराची नोकरी जाते आहे."

ती उठली, ट्रंकेतून ब्लाउज काढला. आतून अस्तर होतं. मी म्हटलं, अस्तर नको, तेव्हा नव्हतं. तिने चष्मा लावला आणि उसवायला घेतलं. शिवलेलं उसवायला तिला अजिबात आवडत नाही, गिऱ्हाइकाचंही ती कुरकुरत उसवते. आज कुरकुरली नाही. पाठीचा भाग वेगळा करून इस्त्री केला आणि माझ्या हातात दिला.

"उद्या मी येते. कसा लावला होता ते तुला माहीत नाही."

१७ जानेवारी, शनिवार

टाकी काल दुपारपासून थंड होत होती. सकाळी उणे अडुसष्टला पोचली.

आधी काळं मखमली कापड. पॅसेजचा दिवा चालू, लॅबचा बंद. दोन्ही ठिपके रेषेवर. याची खात्री होतीच.

मग खण. आईने तो चारही कडांनी लावला, वरच्या बाजूला एक चुणी देऊन. "अशीच दिली होती," ती म्हणाली. "सरळ लावला तर दरिद्री दिसतो." मग मी तिला पॅसेजमध्ये पाठवलं, कारण लॅबमध्ये मोजणीच्या वेळी माणसं कमी हवीत. दाराच्या काचेतून तिचं डोकं दिसत होतं. दिव्याच्या बटणावर बोट ठेवून उभी होती, कोणी बंद करू नये म्हणून. कोणीही करणार नव्हतं.

सर स्वेटर घालून आले, मागे हात बांधून उभे राहिले. रियाज पंपाशी. मी पडद्याकडे बघत नव्हते, नखांकडे बघत होते. इतक्या जोरात बोट दाबलं होतं की नख पांढरं झालं होतं.

निळा ठिपका आला, रेषेवर.

लाल आला, रेषेच्या वर. मी २०२२चा ठिपका त्यावर ठेवला. एक दुसऱ्यावर बसला. मोजमापाच्या त्रुटीच्या मर्यादेत, असं लिहायला हवं. बसला.

सर पुढे वाकले, मग सरळ झाले. खिशातून टिपण काढलं, चार तुकडे केले आणि कचऱ्याची पेटी सापडेना म्हणून परत खिशात घातले. "तांबोळी, सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून या," म्हणाले. मग मला, "आता दोन्ही मुलं एकच सांगतायत. हा जास्तीचा उजेड कुणाचा?"

"माहीत नाही, सर."

"माहीत नाही," ते म्हणाले. "जगभरातून लोक तुटून पडतील आपल्यावर. झोपून घ्या दोन दिवस."

ते गेल्यावर मी आईला आत बोलावलं. तिने पडद्यावरचे ठिपके बघितले, कोणता तिचा ते विचारलं. मी दाखवला. तिने मान हलवली.

शेवटी एकदा काळ्या कापडाने परत मोजायचं होतं. रियाजने खणाच्या कडेची चिकटपट्टी सोडवायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. आईकडे वळला.

"काढू का, काकू?"

"काढ रे बाबा," आई म्हणाली. "आणि पुनू, ते काळं लाव. नीट लाव. फट राहू देऊ नकोस."

त्याने खण काढून तिच्या हातात दिला. काळं कापड मी लावलं.